भीती पण हवी, प्रेम पण हवं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात रोमँटिक सस्पेन्स आणि पॅरानॉर्मल रोमान्सवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर सगळीकडनं पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत. सगळे प्रश्न एका अंकात बसणार नाहीत, म्हणून जे पुन्हा पुन्हा आलेत तेच घेतलेत. नावं मुद्दाम छापली नाहीत, बऱ्याच जणींनी तसं कळवलंय.

निपाणीहून एक वाचक : ताई, मी बीकॉम झालेय आणि तंबाखूच्या एका वखारीत अकाउंट्स बघते. दुपारी डबा खाऊन झाला की मोबाईलवर असल्या कादंबऱ्या वाचते, म्हणजे खून, गायब झालेली बहीण, सगळ्यांवर संशय आणि त्यातच प्रेम. आत्याला कळलं तर म्हणाली लफड्याची आणि खुनाची पुस्तकं वाचून डोकं बिघडतं, काहीतरी चांगलं वाच की. मला मनापासनं आवडतात पण वाचून संपलं की अपराधी वाटतं. खरंच वेळ वाया घालवायलेय का मी?

अजिबात नाही गं. आणि ते अपराधी वाटणं आधी काढून टाक मनातनं, तू कुणाचं काही घेतलं नाहीस की लपवलं नाहीस, जेवणाच्या सुट्टीत वाचतेस.

या कादंबऱ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो बघ, समोरचा माणूस आवडायला लागलाय पण त्याच्यावर विश्वास टाकायचा का. खून, जुना वाडा, निनावी फोन हे सगळं त्या प्रश्नाला धार लावायला येतं. आता आपल्या घरात मुलीला हा प्रश्न कधी पडतो आणि त्याचं उत्तर द्यायला तिला वेळ किती मिळतो ते आठव. बघायचा कार्यक्रम, बायोडाटा, मामांनी चौकशी केलेली असते, गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं बोला म्हणतात आणि खाली आलं की सगळे तोंडाकडं बघत असतात, काय गं, पसंत आहे का. कादंबरीतली नायिका तेच काम तीनशे पानं करते. तो चिडला की काय करतो, घरातल्या कामवाल्या बाईशी कसा बोलतो, एखादी गोष्ट खोटी सांगितली आणि ती पकडली गेली तर मान्य करतो का उलटा तिच्यावरच ओरडतो, ती नको म्हणाली तर थांबतो का. चांगल्या लेखिकेच्या पुस्तकात हे सगळे पुरावे असतात, खुनाचे पुरावे जसे पसरलेले असतात अगदी तसेच, आणि आपण नकळत ते गोळा करत असतो. मला हे वाचन फार कामाचं वाटतं आणि ते मी कुणासमोरही म्हणेन.

आत्यांना एक कर, एखादी गोष्ट निम्मी सांग. संध्याकाळी भाजी निवडताना वगैरे. नायिका त्या घरात आली, रात्री वरच्या मजल्यावर कोण चालतंय ते कुणी सांगेना, एवढ्यावर थांब. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः विचारतील पुढं काय झालं म्हणून.

खानापूर तालुक्यातल्या एक शिक्षिका : रोमँटिक सस्पेन्स आणि पॅरानॉर्मल रोमान्स यात नेमका फरक काय? दोन्हीत भीती असते, दोन्हीत प्रेम असतं. आणि इंग्रजी बेताचं असलं तर सुरुवात कुठनं करावी?

मॅडम, सस्पेन्समधला धोका माणसाकडनं येतो. खुनी, ब्लॅकमेल करणारा, इस्टेटीवर डोळा असलेला काका. पॅरानॉर्मलमध्ये जगाचे नियमच वेगळे, तिथं रक्तपिपासू असतात, माणसाचा बिबट्या होतो, दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. पण दोन्हीचं घराणं एकच, गॉथिक कादंबरीचं, आणि ते सुरू झालं १७६४ साली होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ पासनं. पडका किल्ला, शाप, पळून जाणारी मुलगी, सगळं तिथंच आहे. मग १८४७ ला शार्लट ब्राँटेची ‘जेन आयर’ आली, त्यात पोरकी गव्हर्नेस (म्हणजे मालकाच्या घरी राहून मुलांना शिकवणारी), मोठं घर, रात्री वरच्या मजल्यावरनं येणारं हसणं आणि मालकाच्या पलंगाला कुणीतरी लावलेली आग. हे सगळं सस्पेन्स. पण त्याच पुस्तकात पुढं एक जागा अशी येते की कित्येक मैलांवरनं मारलेली हाक तिला ऐकू येते आणि त्याचा खुलासा लेखिका देत नाही. म्हणजे तुम्ही विचारलेल्या दोन्ही वाटा त्या एका पुस्तकात आहेत. १९३८ ला डॅफ्नी द्यु मोरिएची ‘रेबेका’ आली, तिच्यात भूत कुठंच नाही तरी मेलेली पहिली बायको अख्ख्या घरावर बसलेली असते.

माझी एक कसोटी सांगते, ती लावून बघा. पुस्तकातला खून किंवा भूत मनातल्या मनात काढून टाका, आणि तरी प्रेमकथा जशीच्या तशी चालत असेल तर ते पुस्तक कच्चं. भीती आणि प्रेम एकाच माणसाभोवती गुंफलेले पाहिजेत. मेरी स्टुअर्टची १९५८ ची ‘नाइन कोचेस वेटिंग’ या बाबतीत अगदी पक्की आहे. फ्रान्सच्या डोंगराळ भागातलं मोठं घर, तिथं एका लहान मुलाला सांभाळायला आलेली पोरकी मुलगी, त्या मुलाच्या जिवावर कुणीतरी उठलंय हे तिच्या लक्षात येतं आणि ज्याच्यावर तिचा जीव जडलाय तोही त्याच घरातला. तो कटात आहे का नाही? आता यातनं कट काढून टाका, प्रेमात काही उरतच नाही, आणि प्रेम काढलं तर तिचा निर्णय सोपा होऊन बसतो.

सुरुवातीला हेच घ्या. भाषा स्वच्छ आहे, वर्णनं थोडी लांब आहेत ती पहिल्या वाचनात भरभर वाचली तरी चालतं. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघत बसू नका, मजाच जाते, वाक्याचा अंदाज आला की पुढं जायचं, आणि ज्या शब्दाशिवाय काय झालं तेच कळत नाही तेवढाच बघायचा. ई-बुक असेल तर शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, त्यामुळं मराठी मीडियममधनं आलेल्या वाचकांना ते बरं पडतं.

पॅरानॉर्मलमध्ये नलिनी सिंगची ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ घ्या, २००६ ची. लेखिका भारतीय वंशाच्या, जन्म फिजीतला, वाढल्या न्यूझीलंडमध्ये. यात एक समाज असा आहे की ज्यांनी मनाच्या ताकदीपायी सगळ्या भावना दाबून टाकायचं ठरवलंय, लहानपणापासनं तसं शिक्षण, आणि नायिका त्यांच्यातली असूनही तिच्या आत भावना उसळतायत आणि कुणाला कळलं तर ती संपली. नायक बिबट्यांच्या टोळीचा प्रमुख आणि तो एका खुन्याच्या मागावर आहे. लोक काय म्हणतील म्हणून चेहरा कोरा ठेवायची सवय लागलेल्या कुणालाही ती मुलगी समजेल. सिरीज मोठी आहे, पहिल्यापासनं क्रमानं वाचा, मधलंच पुस्तक उचललं तर कोण कुणाचा काय लागतो तेच कळेना होतं.

शहापूरहून, डिग्री सेकंड इयर : ताई, माझ्या आवडत्या पुस्तकात हिरो हिरोईन झोपलेली असताना तिच्या खोलीत येऊन बसतो, तिला माहीत पण नसतं. वाचताना मला ते खूप भारी वाटलं होतं. आता आमच्या कॉलेजच्या बस स्टॉपवर एक मुलगा रोज थांबतो, मी नाही म्हणून सांगितलंय तरी घरापर्यंत मागं येतो, इन्स्टावर नवीन नवीन अकाउंट काढून मेसेज करतो. मैत्रिणी म्हणतात अगदी तुझ्या कादंबरीसारखं चाललंय की. मला भीती वाटते. मीच जास्त विचार करायलेय का?

नाही, तू बरोबर विचार करायलीयस, आणि तुला भीती वाटते हे तू लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

आधी त्या मुलाचं. नाही सांगितल्यावर मागं मागं येणं, पुन्हा पुन्हा संपर्क करणं, मुलगी नेटवर काय करते त्यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याचे सगळे मेसेज, अकाउंटची नावं यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव, चिडून डिलीट करू नकोस. घरात एका मोठ्या माणसाला आज सांग, आईला सांगायला जड जात असेल तर मावशीला, मोठ्या बहिणीला, कॉलेजमधल्या एखाद्या मॅडमना, पण सांग. घरचे कॉलेजच बंद करतील अशी भीती बऱ्याच मुलींना असते ते मला ठाऊक आहे, म्हणून ज्या माणसाला सांगशील तो शांत डोक्याचा निवड आणि त्यालाच सोबत घेऊन बाकीच्यांशी बोल. रस्त्यात कधी घाबरायला झालं तर ११२ लाव, महिला हेल्पलाईन १८१ आहे. काही दिवस एकटी जाऊ नकोस.

मैत्रिणींना पण हे वाचायला दे.

आता पुस्तकाचं. तू लिहिलेला प्रसंग २००५ च्या ‘ट्वायलाइट’ मधला आहे, ती जगभर वाचली गेली आणि त्या प्रसंगावर तेव्हापासनं वाद चालू आहे. मला विचारशील तर तो प्रसंग मला खटकतो, पुस्तक कितीही धरून ठेवणारं असलं तरी. पण तुला भारी का वाटलं ते मला कळतं आणि त्यात तुझी काही चूक नाही. पुस्तकात वाचणारीला खात्री असते. लेखिकेनं आधीच कबूल केलेलं असतं की शेवट गोड होणार, हा माणूस तिला इजा करणार नाही, त्यामुळं जे खऱ्या आयुष्यात अंगावर काटा आणेल ते पानावर ओढ म्हणून वाचता येतं, आणि नकोसं झालं तर पुस्तक मिटता येतं. बस स्टॉपवरच्या मुलाच्या बाबतीत असली हमी कुणी दिलेली नाही आणि त्याला मिटून ठेवता येत नाही. त्याच्या मनात काय आहे ते तुला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची जबाबदारी पण तुझी नाही. तू नाही म्हणालीस, विषय तिथं संपायला हवा होता.

पॅरानॉर्मलमध्ये आणखी एक प्रकार सारखा येतो, नशिबानं ठरलेली जोडी, म्हणजे माणसाचा लांडगा होणाऱ्या नायकाला वासावरनं कळतं की हीच माझी आणि मग तिला काय वाटतं ते कुणी विचारत नाही. यातल्या चांगल्या लेखिका काय करतात बघ, नशिबानं जोडी ठरवलेली असली तरी हो म्हणायचा हक्क त्या नायिकेकडंच ठेवतात. तो थांबतो, त्रास सहन करतो, पण थांबतो. अशी पुस्तकं शोधून वाच. आणि ज्यात तिचं नाही म्हणणं म्हणजे लाजणं असं दाखवलंय ती अर्ध्यात सोडलीस तरी काही बिघडत नाही, पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे असा नियम नाही.

पुढं काय झालं ते मला कळव, वाट बघतेय.

टिळकवाडीहून एक आई : मुलगी नववीत आहे, व्हॅम्पायरची पुस्तकं मागते. देऊ का?

द्या, पण आधी स्वतः चाळा. या प्रकारात शरीरसंबंधाचं वर्णन किती उघड आहे ते पुस्तकागणिक फार बदलतं. काहींत दार बंद झालं की प्रकरण संपतं, काही पूर्णपणे मोठ्यांसाठीच लिहिलेली असतात आणि मुखपृष्ठावरनं फरक कळत नाही. यंग ॲडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी, असं लिहिलेली बघा. तिच्याबरोबर तुम्हीही तेच पुस्तक वाचलंत तर वरच्या शहापूरच्या मुलीसारखा प्रश्न पडला तेव्हा ती तुमच्याकडं येईल.

संकेश्वरहून एक निवृत्त वाचक, वय ६१ : मी पुरुष आहे आणि मला ही पुस्तकं आवडतात, आधी ते सांगतो. पण ही सगळी इंग्रजीतच का? आपल्या मराठीत असलं काही नव्हतंच का?

काका, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. आणि होतं की, भरपूर होतं!

मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या बघा. पहिली समजली जाते ती ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची, लिहिणारे बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मलेले. ती विधवांच्या हालांवरची, सुधारणेची. पण त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ ला, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचक तिकडं वळले. संकटात सापडलेली सद्गुणी नायिका, कपटी माणसं, ताटातूट, योगायोग. १८६८ ला नारो सदाशिव रिसबूडांची ‘मंजुघोषा’ आली, तीही अद्भुतरम्य. नंतर वास्तववादी कादंबरीचा जोर झाला आणि या पुस्तकांना इतिहासात करमणूक म्हणून एका परिच्छेदात उरकलं जायला लागलं, याचं मला वाईट वाटतं, कारण त्या काळात नव्यानं वाचायला शिकलेली माणसं कादंबरीकडं वळली त्यात या पुस्तकांचा मोठा वाटा होता.

त्याच्याही मागं जायचं तर सातव्या शतकात बाणभट्टाची संस्कृत ‘कादंबरी’. यात महाश्वेता सरोवराकाठी शंकराच्या देवळात वीणा वाजवत मेलेल्या प्रियकराची वाट बघत बसलीय, कारण त्याचा देह आकाशातनं आलेल्या एका तेजस्वी पुरुषानं उचलून नेला आणि पुन्हा भेट होईल असं सांगितलं. आणि कादंबरी नावाचीच नायिका, तिचा प्रियकर चंद्रापीड मरतो पण त्याचा देह खराब होत नाही, ती तो देह राखत बसते. शाप, दुसरा जन्म, पोपट होऊन आलेला मित्र, आणि नायक म्हणजे प्रत्यक्ष चंद्रच. बाणभट्टाच्या हातनं ते पूर्ण झालं नाही, मुलानं पुरं केलं. आज पॅरानॉर्मल रोमान्सच्या कपाटात ठेवलं तर तिथल्या कुठल्याही पुस्तकाला ते भारी पडेल. मराठी अनुवादातनं वाचा, आणि वाक्यं लांब आहेत म्हणून घाबरू नका.

विसाव्या शतकात आपल्याकडं दोन रस्ते वेगळे झाले असं मला वाटतं. भीती गेली नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींकडं, दोघंही मोठेच, धारपांच्या ‘समर्थ’ या पात्राच्या कथा लायब्ररीत अजून मागून नेतात, पण त्यांच्या गोष्टींचं मुख्य काम भीतीचं किंवा गूढाचं. आणि प्रेम गेलं कौटुंबिक कादंबरीकडं. दोन्ही एका पुस्तकात घट्ट विणलेले फार कमी सापडतात. कुणाला लिहायचं असेल तर जागा मोकळी आहे, आणि त्यावरनंच पुढचा प्रश्न.

जांबोटी भागातनं एक वाचक : मला आपल्याच भागातली रोमँटिक सस्पेन्स लिहायचीय, थोडं पॅरानॉर्मल पण. पण किल्ले, बर्फ, व्हॅम्पायर असलं आपल्याकडं कुठलं?

बर्फ नको हो. तुमच्याकडं जांबोटी-चोर्ल्याचा पाऊस आहे, त्यात दुपारी चारला अंधार पडतो, जंगलात शिरलं की मोबाईलची रेंज जाते. वटवाघळं हवीत तर भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत रॉटनची फ्री-टेल्ड बॅट आहे, जगात मोजक्याच ठिकाणी सापडलेली जात. ती किडे खाते, रक्त पिणारी वटवाघळं फक्त अमेरिका खंडात असतात, तेव्हा तुमचा गावकरी त्यांना घाबरला आणि अभ्यास करायला आलेली नायिका घाबरली नाही तर पहिलंच प्रकरण उभं राहतं. आणि व्हॅम्पायरच कशाला, चकवा घ्या. ओळखीच्या रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो ही कल्पना प्रेमकथेला किती जवळची आहे बघा, आणि तिच्यावर मराठीत अजून पुष्कळ लिहिता येईल. फक्त नियम आधी ठरवा, चकवा कुणाला लागतो, कशानं सुटतो, आणि ठरवलेला नियम शेवटी सोयीसाठी मोडू नका.

चोर्ला म्हणजे कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिन्हीच्या शिवेवर. गुन्हा कुणाच्या हद्दीत यावरनं सस्पेन्स तयार होतो, पण एक काळजी घ्या, आता झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण सांगून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. म्हणजे तुमच्या गोष्टीतला अधिकारी नाकारत असेल तर तो का नाकारतोय हाच एक धागा झाला.

आणि सगळ्यात मोठं भांडवल तुम्ही विचारलंच नाही, ते म्हणजे आपल्या घराघरातली दोन भाषांची सवय. समजा मराठी मुलगी, लग्न होऊन धारवाडकडच्या कन्नड घरात गेली. घरच्यांना वाटतं हिला कन्नड येत नाही. तिला येतं, लहानपणी शेजारी बसून शिकलेली, पण पहिल्या दिवशी लाजून बोलली नाही आणि मग सांगायचं राहूनच गेलं. आता ती ताट वाढत असताना दीर आणि सासरे तिच्यासमोरच उघड बोलतात, आधीची सून कशी गेली त्याबद्दल. नवरा तिथंच बसलाय आणि गप्प आहे. तो गप्प का आहे, त्याला माहीत आहे का, तिनं त्याला सांगायचं का की मला सगळं कळतं? (नाइन कोचेसमधली गव्हर्नेससुद्धा आपल्याला फ्रेंच येतं हे लपवूनच त्या घरात शिरते, म्हणून म्हणते आधी ते वाचा.) फक्त खुनी कन्नड आणि भला माणूस मराठी किंवा उलटं, असली वाटणी करू नका, वाचक दहाव्या पानावर ओळखतो आणि आपल्या भागातल्या माणसांवर तो अन्याय पण आहे. त्या घरात तिच्या बाजूचा एक कन्नड माणूस ठेवा, आजेसासू ठेवा, जिला पहिल्याच आठवड्यात कळलेलं असतं की या पोरीला सगळं समजतंय, आणि जी ते कुणालाही सांगत नाही.